छोट्या फ्लॅटसाठी वायफाय राऊटर कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वन आरके, वन बीएचके किंवा आटोपशीर टू बीएचके, म्हणजे साधारण ३०० ते ७०० चौरस फूट कार्पेट. घरात तीन-चार माणसं, फोन-लॅपटॉप-टीव्ही धरून दहा-बारा उपकरणं आणि फायबरचं कनेक्शन. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या अशा घरांतून जे प्रश्न हमखास येतात ते खाली घेतले आहेत. माझं मत आधीच सांगतो. एवढ्याशा घरात राऊटरची ताकद सहसा कमी पडत नाही. तो ठेवलाय कुठे, मधे भिंत कसली आहे आणि त्याचे पोर्ट कोणते आहेत, यावर सगळं ठरतं. म्हणून जागेचे प्रश्न वर आणि खरेदीचे खाली ठेवलेत.

नेट स्लो आहे. नवा राऊटर घ्यावा का?

पैसे खर्च करण्याआधी तीन वेळा स्पीड टेस्ट करा. पहिली, लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडून. दुसरी, राऊटरपासून हातभर अंतरावर, फोन ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर ठेवून (राऊटर २.४ आणि ५ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो, त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे). तिसरी, जिथे त्रास होतो तिथे, बहुतेकदा बेडरूममध्ये पलंगावर बसून.

केबल लावूनही प्लॅनएवढा स्पीड येत नसेल, तर कनेक्शन देणाऱ्याकडे तक्रार करा. राऊटर बदलून काही होणार नाही. केबलवर स्पीड ठीक आणि राऊटरशेजारी उभं राहूनही फोनवर कमी, तर राऊटर जुना झालाय किंवा फोन २.४ गिगाहर्ट्झला चिकटून बसलाय. शेजारी उत्तम आणि बेडरूममध्ये वाईट, तर पुढचे दोन प्रश्न नीट वाचा.

राऊटर नेमका कुठे ठेवायचा?

घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर किंवा थोडा वर, मोकळ्यावर. वन बीएचकेमध्ये ही जागा म्हणजे हॉल आणि बेडरूम यांच्यामधला पॅसेज किंवा हॉलची बेडरूमला लागून असलेली भिंत.

प्रत्यक्षात काय होतं? फायबर डक्टमधून मुख्य दारावरून आत येतं, जोडणारा माणूस घाईत असतो, आणि कंपनीचा फायबरचा डबा (ओएनटी, वायफायही त्यातूनच येतं) दाराच्या वर एमसीबीच्या बॉक्सशेजारी किंवा टीव्ही युनिटच्या आत बसवला जातो. दाराजवळ बसवला की अर्धा सिग्नल जिन्यात आणि लिफ्टच्या लॉबीत जातो. टीव्हीच्या मागे बसवला तर टीव्हीचा धातूचा पत्रा समोर उभा राहतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे किचनवरचा लॉफ्ट : खाली फ्रिज, बाजूला मायक्रोवेव्ह, वर स्टीलचे डबे. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच. तो सुरू असताना त्या पट्ट्यावरचा व्हिडिओ कॉल अडखळतो, यात नवल नाही.

लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फिश टँक हेही सिग्नल अडवतात. आरशामागचा धातूचा थर लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं.

जोडायला माणूस येईल तेव्हा घरी थांबा आणि जागा तुम्ही दाखवा. पाच-सात मीटर जास्तीची फायबर वायर ओढायला त्याला फारसा वेळ लागत नाही. नंतर बोलावलं तर मात्र तेच काम लांबतं. ते जमलं नाही तर डबा आहे तिथेच राहू द्या आणि तिथून साधी कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल पॅसेजपर्यंत आणून राऊटर तिथे लावा. १०० मीटरपर्यंत या केबलवर गिगाबिटचा स्पीड मिळतो. घरात दहा मीटरही लागत नाही. फायबरची वायर वळवताना मात्र ती कोपऱ्यात करकचून दुमडू नका आणि तिच्यावर खिळा ठोकू नका. डब्यावर लाल एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लुकलुकायला लागला की प्रकाश आत पोचत नाहीये असं समजा.

बेडरूमचं दार लावलं की रेंज जाते. घर तर छोटंसंच आहे, मग असं का?

तुमची इमारत मायवान पद्धतीची आहे का, बिल्डरला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. गेल्या काही वर्षांत ठाणे, पनवेल, हिंजवडी, वाकड अशा पट्ट्यांत उभे राहिलेले बरेच टॉवर या पद्धतीने बांधलेत. यात ॲल्युमिनियमचं शटरिंग लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने भरतात. त्यामुळे हॉल-बेडरूममधली भिंतही विटांची नसून आत सळ्यांची जाळी असलेल्या काँक्रीटची असते. वायफायसाठी एवढी अवघड भिंत दुसरी नाही. जुन्या इमारतीतली अर्ध्या विटेची भिंत किंवा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत त्या मानाने सौम्य.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या. ते सिग्नल उणे आकड्यांत दाखवतं. राऊटरसमोर उणे ३५ ते ४०, त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला उणे ५०च्या आसपास. आता बेडरूममध्ये जा, दार लावा. आकडा उणे ६५च्या आत राहिला तर व्हिडिओ कॉल सुखाने चालतो. उणे ७५ झाला तर चेहरा गोठतो, आवाज तुटतो. ही पट्टी सरळ चढत नाही : दर १० आकड्यांना सिग्नल दहापट कमी होतो. म्हणजे उणे ५५ आणि उणे ७५ यांत शंभरपटींचा फरक आहे. एक भिंत एवढं करू शकते.

उपाय दोन. राऊटर अशा जागी आणा की त्याची सरळ रेषा भिंतीऐवजी दारातून जाईल; लाकडी दार काँक्रीटच्या मानाने फार कमी अडवतं. नाहीतर बेडरूममध्ये केबलने दुसरा पॉइंट द्या. मायवानची भिंत नंतर फोडता येत नाही आणि फोडूही नये, पण टीव्ही किंवा टेलिफोनसाठी टाकलेले कंड्युट पाइप भिंतीत आधीच असतात. इलेक्ट्रिशियन त्यातून लॅन केबल खेचून देतो. पझेशन घेऊन इंटीरियर सुरू करणार असाल, तर हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत एकेक केबल तेव्हाच टाकून घ्या. पीओपी आणि रंग झाल्यावर हे काम कुणालाच नको असतं.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, कोणतं वापरू?

फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर. बल्ब, प्लग, कॅमेरे २.४ वर.

२.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बरं जातं, पण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एका मजल्यावर सहा फ्लॅट, वर-खाली तेवढेच आणि प्रत्येकाचा राऊटर त्याच तीन चॅनेलवर, असं चित्र असतं. दादर किंवा कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत फोनवर नेटवर्कची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा कितीतरी जास्त आहे, आणि भिंत पार करताना ते दमतं हाच छोट्या घरात फायदा ठरतो, कारण शेजाऱ्याचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे २.४चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५चा मोठा पट्टा २०१८ मध्ये. म्हणून त्याआधीची काही जुनी उपकरणं ५ गिगाहर्ट्झची थोडीच चॅनेल ओळखतात. नव्या राऊटरचं ५चं नेटवर्क जुन्या टीव्हीला दिसत नसेल, तर राऊटरमध्ये चॅनेल ३६ ते ४८ यांपैकी एक निवडून बघा.

फक्त २.४ वर चालणारा सिंगल बँड राऊटर मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

खोक्यावर एसी१२००, एएक्स१५००, एएक्स३००० लिहिलेलं असतं. मोठा आकडा म्हणजे जास्त स्पीड ना?

एसी म्हणजे आधीची पिढी (वायफाय ५), एएक्स म्हणजे वायफाय ६. पुढचा आकडा बेरजेचा आहे. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ एमबीपीएस, बेरीज करून वर ढकललेली. एएक्स१५०० म्हणजे ३०० अधिक १२०१. एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बेरीज त्याला कधीच मिळत नाही. त्यातही हे आकडे कागदावरचे. एकाच खोलीत, चांगल्या सिग्नलवर निम्म्याच्या आसपास मिळाला तरी उत्तम म्हणायचं. एएक्स३००० चा २४०२ हा आकडा तर १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल धरून काढलेला असतो. ते रुंद चॅनेल तुमच्या फोनला जमत नसेल, तर तो १२०१ वरच जोडला जाणार.

तुमचा प्लॅन १०० किंवा २०० एमबीपीएसचा असेल तर चांगला एसी१२०० राऊटरही पुरतो. आज नव्याने घ्यायचाच असेल तर मी एएक्स१५०० किंवा एएक्स१८०० सुचवीन, कारण फरक थोड्या पैशांचा आहे आणि राऊटर आपण चार-पाच वर्षं वापरतो. दोन ते चार हजारांच्या दरम्यान छोट्या घराची गरज भागते. आठ-दहा हजारांचे सहा-सहा अँटेनावाले गेमिंग राऊटर मोठ्या बंगल्यात कामाचे असतील. वन बीएचकेत त्यांचं काही काम नाही.

खोक्यावर आणखी काय वाचायचं?

पोर्ट. माझ्या मते ही एक ओळ बाकी सगळ्या जाहिरातीपेक्षा महत्त्वाची आहे आणि तीच सगळ्यात बारीक अक्षरात असते.

बाजारात सारख्याच दिसणाऱ्या राऊटरांत दोन प्रकारचे पोर्ट येतात : १०/१०० एमबीपीएस आणि गिगाबिट, म्हणजे १०/१००/१०००. टीपी-लिंकचीच दोन मॉडेल घ्या. आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी१२०० आहेत. पण सी५० चे पोर्ट १०० चे, सी६ चे गिगाबिट. सी५० ला २०० चा प्लॅन लावला तर हवेत ८६७ असूनही आत येणारं नेटच १०० वर थांबतं. टाकी मोठी आणि नळ बारीक, असा प्रकार. स्पीड टेस्ट दर वेळी ९३-९४ वर अडकत असेल तर पहिला संशय याच पोर्टवर घ्या, दुसरा केबलवर. लॅन केबलच्या आठ तारांपैकी एखादी क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, नीट बसली नसेल, तर गिगाबिट पोर्टही मुकाट १०० वर उतरतो.

वायफाय ६ घेऊ की थेट वायफाय ७?

छोट्या फ्लॅटसाठी आज वायफाय ६. अनेक उपकरणं एकाच वेळी बोलत असताना ते रांग नीट लावतं, आणि गजबजलेल्या इमारतीत त्याचाच खरा उपयोग होतो. वायफाय ७ चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याचं मोठं आकर्षण ६ गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा. आपल्याकडे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा भाग घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. पण स्वस्तातल्या बऱ्याच वायफाय ७ राऊटरांत ६ गिगाहर्ट्झ नसतंच. ते दोनच पट्ट्यांचे असतात. फक्त ‘७’ बघून जास्त पैसे मोजायच्या आधी पट्टे किती आहेत ते वाचा, आणि घरातल्या किती उपकरणांना ६ गिगाहर्ट्झ कळतं तेही बघा.

कंपनीने दिलेला डबा काढून माझाच राऊटर लावता येईल?

फायबरची वायर ज्यात जाते तो डबा, ओएनटी, सहसा काढता येत नाही. त्याचा सिरीयल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. साध्या राऊटरला फायबरचा पोर्टही नसतो. तेव्हा ओएनटी राहू द्यायचा आणि त्याच्या लॅन पोर्टमधून आपला राऊटर जोडायचा.

इथे दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता : नवा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका आणि ओएनटीचं वायफाय बंद करा. उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम ओएनटीकडेच राहतं, तुमचा राऊटर फक्त वायफाय देतो. बहुतेक घरांना मी हेच सांगतो. दुसरा रस्ता : ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो नेट फक्त पुढे सोडतो, आणि पीपीपीओईचं (कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये भरायचं. यात सगळा ताबा तुमच्याकडे येतो, पण त्यासाठी कंपनीला फोन करावा लागतो, काही ठिकाणी व्हीलॅन आयडी हा कंपनीने दिलेला क्रमांकही भरावा लागतो. ओएनटीच्या मागे लँडलाइन लावली असेल तर ब्रिज केल्यावर ती चालू राहील ना, हे आधी विचारून घ्या.

नुसतंच एकामागे एक लावून दोन्ही राऊटर मोडमध्ये ठेवले तर नेट चालतं, पण प्रिंटर एकाकडे आणि लॅपटॉप दुसऱ्याकडे अशी फारकत होते. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर तेही चालत नाही.

जास्त अँटेना म्हणजे जास्त रेंज?

नाही. दोन पट्टे आणि प्रत्येकी दोन अँटेना एवढं घराला भरपूर होतं. हवेत किती शक्तीने सोडायचं यावर कायद्याची मर्यादा आहे, अँटेना वाढवून ती वाढत नाही. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी असतं : राऊटरचा आवाज फोनपर्यंत गेला तरी फोनचा बारीक आवाज राऊटरपर्यंत परत यायला हवा. अँटेना उभ्या ठेवल्या की सिग्नल आडवा पसरतो आणि एका मजल्यावरच्या फ्लॅटला तेच हवं.

मेश सिस्टीम किंवा एक्स्टेंडर घ्यावा का?

मेश म्हणजे मिळून एकच वायफाय देणारी दोन-तीन युनिटं. ७०० चौरस फुटांपर्यंत राऊटर मध्यावर आणता येत असेल तर दोन्ही नको. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड निम्मा होतो. लोक तो अशा कोपऱ्यात लावतात की जिथे मूळ सिग्नलच नाही. मग तो पुढे देणार काय? मायवानच्या टू बीएचकेत खरंच गरज पडली तर दोन युनिटची मेश घ्या आणि दोन्ही केबलने जोडा. केबल असेल तर महागडी मेश न घेता जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला तरी भागतं.

प्लॅन किती एमबीपीएसचा घ्यावा?

फोर-के व्हिडिओला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीला ५. दोन टीव्ही, दोन व्हिडिओ कॉल आणि मुलांचे फोन धरले तरी १०० एमबीपीएस पुरतो. फाइल उतरवताना १२ चा आकडा दिसला तर घाबरू नका : ते मेगाबाइट असतात, १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट.

लाइट गेली तरी नेट चालू राहील?

राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी ॲडॅप्टरवरची ओळ वाचा : १२ व्होल्ट १ ॲम्पियर, ९ व्होल्ट ०.६ ॲम्पियर असं काहीतरी असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त. ओएनटी आणि राऊटर वेगळे असतील तर दोन आउटपुटचा यूपीएस घ्या. एकट्या राऊटरला वीज देऊन उपयोग नाही.

इमारतीपर्यंतचं कनेक्शन कसं आहे तेही बघा. जीपीओएन फायबरमध्ये, म्हणजे घरापर्यंत थेट फायबर आलं असेल तर, वाटेत ते वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण केबलवाल्याने गच्चीवर किंवा जिन्यात स्विच बसवून तिथून लॅन केबल दिली असेल, तर तो स्विच बंद पडला की घरातला यूपीएस काही करू शकत नाही.

स्मार्ट बल्ब किंवा कॅमेरा जोडलाच जात नाही.

हे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राऊटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर जोडताना गोंधळ होतो. सेटिंगमध्ये दोन नावं वेगळी करा किंवा थोडा वेळ ५ बंद ठेवा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र निवडा.

भाड्याच्या घरात आधीचंच कनेक्शन आहे. काय बदलावं?

वायफायचा पासवर्ड आणि राऊटरच्या आतला ॲडमिन पासवर्ड, दोन्ही पहिल्याच दिवशी. आधीच्या भाडेकरूकडे, ब्रोकरकडे, शेजारच्या मुलाकडे जुना पासवर्ड असतोच. डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटण दाबून जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क उघडा आणि कॅमेरे-बल्बही त्यावरच ठेवा. खरेदी करताना याच कारणासाठी अशी कंपनी निवडा, जिच्या साइटवर त्या मॉडेलचे अपडेट अलीकडे आलेले दिसतात.

रात्री राऊटर बंद करावा का? लहान बाळ आहे घरात.

या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. पेशींतले बंध तोडण्याएवढी ऊर्जा त्यांत नसते. राऊटरची शक्ती वॉटच्या काही दशांशांच्या आसपास असते आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने विरते. काळजी वाटत असेल तर पाळण्याजवळ ठेवू नका, एवढं पुरे. ओएनटी रोज बंद-चालू करण्याची गरज नाही. तक्रार केली तर कंपनी लाइनची जुनी नोंद बघू शकते, रोज बंद केल्याने ती मधेमधे तुटते.

फायबर येत नाही, एअरफायबर घेतलं तर?

जिओ आणि एअरटेल या दोघांनीही ही सेवा २०२३ मध्ये सुरू केली. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर ५जी पकडणारं युनिट बसतं आणि तिथून केबल घरातल्या राऊटरपर्यंत येते. गच्चीसाठी सोसायटीची परवानगी आधी घ्या. घरातल्या राऊटरला वरचे सगळे नियम लागू आहेतच.

परदेशातून भावाने आणलेला राऊटर चालेल?

तांत्रिकदृष्ट्या चालतो, पण तिकडच्या चॅनेलची यादी वेगळी असते आणि वॉरंटी इथे मिळत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते. ॲडॅप्टर २२० व्होल्टला चालतो का आणि त्यावर बीआयएसचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर इथला, त्याच व्होल्टचा ॲडॅप्टर घ्या.

जुन्या राऊटरचं काय करू?

गिगाबिट पोर्टचा असेल तर बेडरूमसाठी ॲक्सेस पॉइंट म्हणून ठेवा. कंपनीचा असेल तर परत करा आणि पावती जपून ठेवा, नाहीतर डिपॉझिट अडकतं. द्यायचा किंवा टाकायचा असेल तर मागचं रीसेटचं भोक पिनने दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे पासवर्ड आणि पीपीपीओईचं युजरनेम पुसलं जाईल. मग ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ॲडॅप्टरसकट.